ऐंशी हा आकडा कुठल्या तापमानाचा?

पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टन्ट ८०, असं आपण इंजिनिअरिंगला पाठ करतो. मीही तो कोडमध्ये तसाच टाकला होता. हातकणंगलेत, उसाच्या रानात ओलावा मोजायचा स्वस्तातला सेन्सर मी पुरला होता. पाणी न पाजताही भर दुपारी ओलावा वाढलेला दिसू लागला, तेव्हा या आकड्याचा इतिहास शोधावा लागला.

८० हा २० अंश सेल्सिअसचा आकडा. शून्य अंशाला तो साधारण ८८ असतो, शंभर अंशाला ५५. कारण पीटर डिबाय यांनी १९१२-१३ मध्येच मांडलं होतं. पाण्याचा रेणू दोन टोकांचा. विद्युत क्षेत्र त्याला एका दिशेला वळवतं, उष्णता त्याला ढकलून विस्कटते. मायक्रोवेव्हच्या वेगाने क्षेत्र उलटसुलट झालं की रेणू मागे पडू लागतो. शून्य अंशाला तो सुमारे ९ गिगाहर्ट्झला दमतो, वीस अंशाला १७ला. म्हणजे तापमान न नोंदवलेलं मोजमाप अर्धंच.

पूर्वी एकेका फ्रीक्वेन्सीला वेगळं मोजावं लागे. १९६९ साली फेल्नर-फेल्डेग यांनी केबलमधून एकच स्पंद सोडून त्याच्या परावर्तनातून सगळा पट्टा वाचायची रीत दाखवली. हीच रीत वापरून औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात (नामविस्तार १९९४चा) कुंभारखाणे, पुराणिक आणि मेहरोत्रा यांनी पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९९१चा.

मातीकडे ही रीत आधीच वळली होती. १९८० साली कॅनडात टॉप आणि सहकाऱ्यांनी परावैद्युतांकावरून मातीतलं पाणी काढायचं सूत्र दिलं. २० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात तापमान आणि क्षार यांचा परिणाम किरकोळ, असं त्यांना आढळलं.

ग्यानबाची मेख इथेच होती. स्वस्त सेन्सर बहुधा याहून खालच्या फ्रीक्वेन्सीवर चालतात. तिथे मातीतल्या क्षारांमधून वाहणारी वीजही मोजमापात घुसते, आणि माती तापली की ती वाढते. पाण्याचा आकडा उन्हात उतरत होता, माझा सेन्सर मात्र चढता दाखवत होता.

आमच्याकडे आणि शेजारच्या शिरोळकडे अतिपाण्याने जमिनी खारपड झाल्या आहेत. पाणी कधी थांबवायचं, हा इथे जमीन राहील की जाईल असा प्रश्न आहे. आणि नेमक्या खारट जमिनीतच सेन्सर सर्वात जास्त फसतो.

आता नोंदीत ओलाव्याच्या शेजारी मातीचं तापमान असतं, आणि तुलना रोज पहाटेच्या आकड्यांचीच करतो.