वाघाची भीति आणि लेण्यांतली गोष्ट

गेल्या दिवाळींत माझ्या भाचीनें मला आग्रहानें तिच्या संगणकासमोर बसविलें. एक खेळ तिला रात्रींच पुरा करावयाचा होता आणि एकटीला भीति वाटत होती. खेळाचें नांव 'गॉन होम'. २०१३ सालीं अमेरिकेंत तयार झालेला. मध्यरात्र, बाहेर वादळ, आंत ओस पडलेलें भलें मोठें घर, लुकलुकणारे दिवे. आणि वर्षभर परदेशीं राहून परतलेली थोरली बहीण एकेक खोली उघडीत चाललेली. असा हा थाट पाहून आम्ही मामाभाची दोघेंही भुताची वाट पाहत बसलों. माळ्यावर प्रेत सांपडणार याविषयीं भाचीची तर खात्रीच होती. प्रत्यक्षांत भूत आलें नाहीं कीं प्रेत निघालें नाहीं. निघाली ती धाकट्या बहिणीची हकीकत : एका मैत्रिणीवर जडलेलें तिचें प्रेम, तें न समजणारे आईबाप, आणि शेवटीं तिचें घर सोडून जाणें. "फसवलं की यांनी!" भाची म्हणाली, पण हें म्हणतांना तिनें डोळे पुसले.

मला त्या क्षणीं अजिंठा आठवला. वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. म्हणून थोडा खुलासा केला पाहिजे.

अजिंठ्याची कथा आपण सर्वजण शाळेपासून एकाच रीतीनें ऐकत आलों आहों. घनदाट रान, वाघूर नदीचा अर्धचंद्राकृति कडा, वाघाचा माग काढीत निघालेला मद्रासच्या अठ्ठाविसाव्या रिसाल्याचा जॉन स्मिथ नांवाचा गोरा अंमलदार, पलीकडच्या कड्यावर झाडींतून अकस्मात् दिसलेली कोरीव कमान, आणि आंत वटवाघळांनीं भरलेला शेंकडों वर्षांचा काळोख. प्रवाशांसाठीं छापलेलीं पत्रकें येथूनच आरंभ करतात आणि वाटाडेही येथूनच. ही हकीकत सर्वस्वीं खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. दहाव्या लेण्यांतील एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, स्मिथनें आपलें नांव, रिसाल्याचा अंक आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडून ठेविली आहे. ती आज पाहणाराच्या डोक्याच्याही वर राहते. कारण त्या काळीं लेण्यांत दगडमातीचा ढीग सांचलेला होता व साहेब त्यावर उभा होता. पण त्या ओळींत वाघ कोठेंच नाहीं. वाघूरच्या खोऱ्यांत वाघ असतील यांत शंका नको, नदीचें नांवच तें सांगतें. मात्र ओळीतला साहेब वाघामागें आला होता हें आपण ऐकीव गोष्टीवरून मानतों.

'अज्ञात' हा शब्दही जपून वापरावयास हवा. लेण्यांच्या अगदीं जवळ जें खेडें आहे त्याचें नांव लेणापूर. ज्या गांवाचें नांवच लेण्यांवरून पडलेलें दिसतें, त्या गांवच्या गुराख्यांना हीं लेणीं ठाऊक नव्हतीं असें कोण म्हणेल? इंग्रजांसही हा मुलूख नवा नव्हता. १८०३ सालीं असईच्या लढाईंत जखमी झालेल्या त्यांच्या शिपायांचें रुग्णालय अजिंठा गांवींच होतें. तेव्हां १८१९ सालीं लेणीं कळलीं तीं युरोपांतील विद्वानांना; आणि ही गोष्टही लहान नव्हे. पण भीतीचा आणि अंधाराचा जो पडदा तेव्हां दारावर लागला, तो पुढें आंतल्या चित्रांवरही ओढला गेला, हें माझें खरें गाऱ्हाणें आहे.

सोळाव्या लेण्यांतील एका चित्राचें उदाहरण घ्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी इत्यादि आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील पुष्कळ लंडनमध्यें आगींत गेल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्यें त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. हे श्रम थोर होत. परंतु सोळाव्या लेण्यांतील त्या स्त्रीला 'मरणासन्न राजकन्या' हें नांव त्याच काळांत चिकटलें, आणि करुणरसाचा कळस म्हणून तें जगभर गाजलें. चित्रांत एक स्त्री आसनावर बसली आहे. मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत. दासी मागून आधार देते, दुसरी हात धरून आहे. हें पाहून मृत्यूची कल्पना सुचणें स्वाभाविकच. पण जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे, त्याचें काय?

तो मुकुट नंदाचा. नंद हा गौतम बुद्धाचा सावत्र भाऊ, आणि ही त्याची पत्नी सुंदरी. अश्वघोषानें 'सौंदरनंद' काव्यांत ही कथा सांगितली आहे. बुद्ध भिक्षेसाठीं दारीं आले. पतिपत्नी माडीवर शृंगारांत दंग. घरांत कोणाचें लक्ष गेलें नाहीं व ते रिक्तहस्तें परतले. नंदास हें कळतांच त्यानें क्षमा मागण्यासाठीं जाण्याची परवानगी मागितली. सुंदरीनें ती दिली, पण एका अटीवर : तिच्या मुखावर नुकतीच रेखिलेली नक्षी वाळण्यापूर्वी त्यानें परत यावें. तो गेला. बुद्धानें आपलें भिक्षापात्र त्याच्या हातीं दिलें आणि तो संकोचानें मागोमाग चालत राहिला. विहारांत त्याचें मुंडन झालें तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. घरीं परत आला तो केवळ मुकुट.

आतां सांगा, मरणापेक्षां हें कमी करुण आहे काय? मरणाऱ्या राजकन्येसाठीं आपण हळहळतों आणि पुढच्या भिंतीकडे वळतों. सुंदरीपुढें मात्र थांबावें लागतें. कारण ती जगणार आहे. शिवाय ज्या भिक्षूंनीं हें चित्र काढवून घेतलें, तेही कोठल्या ना कोठल्या घरांतून असेच निघून आलेले होते. आपल्या विहाराच्या भिंतीवर त्यांनीं मागें राहिलेल्या पत्नीचें दुःख इतक्या प्रामाणिकपणें रंगवूं दिलें, हा विचार 'मरणासन्न' या एका शब्दानें आपल्यापासून हिरावून घेतला. एकदां आमच्या घोळक्यांत जवळच्या खेड्यांतील एक वृद्ध बाई होती. वाटाड्यानें नेहमींचें नांव सांगितलें. बाईनें बराच वेळ निरखून पाहिलें आणि हळूच म्हणाली, "मरत न्हाई ही. हिला कायतरी कळलंय." ग्रंथ वाचून जें मला उमगलें तें तिनें पाहून ओळखलें!

अजिंठ्याच्या चित्रकारांस भयाचें वावडें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. सतराव्या लेण्यांत सिंहलाच्या अवदानाची प्रदीर्घ चित्रमाला आहे. व्यापारी सिंहल गलबत फुटून एका बेटावर लागतो. तेथील मोहक स्त्रिया वस्तुतः राक्षसिणी असतात. एक अद्भुत अश्व त्याला पाठीवर घेऊन सुटतो. एक राक्षसीण पाठोपाठ त्याच्या नगरांत येते, खुद्द राजाला भुलविते, आणि एका रात्रींत राजवाड्याचें स्मशान होतें. सुळे, रक्त, मांस, सर्व कांहीं तेथें आहे. लहान मुलें आईच्या पदराआड लपतील असें. पण चित्रकारानें भयाचें दार उघडून पाहणाराला आंत नेलें आहे : सौंदर्याला भुलणाऱ्या राजाची आणि सावध राहिल्यामुळें राजपद लाभलेल्या वाण्याची गोष्ट त्यानें शेवटपर्यंत सांगितली. भाचीच्या खेळाचेंही तसेंच झालें होतें. भुताच्या धाकानें आम्ही प्रत्येक खण उघडून पाहिला, म्हणून तर त्या मुलीचीं पत्रें आमच्या हातीं लागलीं. वाटाड्याचा वाघ मात्र आपल्याला दारांतच उभें करून निघून जातो.

दाराच्या आंत काय होतें तें कळण्याचीं साधनें नव्हतीं, असेंही नाहीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकांत, १८६० नंतरच्या वर्षांत, येथील शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ते पुन्हां तपासून वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, शाखेचा इतिहास त्यांवरून उभा केला. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत हरिषेण राजा होता. त्याचा सचिव वराहदेव यानें सोळावें लेणें दान दिलें. हीं नांवें आमच्या सुशिक्षित घरांतून किती जणांस ठाऊक आहेत? जॉन स्मिथ सर्वांस ठाऊक आहे. आमच्याच जिल्ह्यांतील दाता आम्हांस परका आणि भिंत खरडणारा साहेब घरचा, ही स्थिति मला फार बोंचते. वर्गांत हा प्रश्न मीं पुष्कळदां विचारला आहे व उत्तरादाखल पुष्कळदां वाघच ऐकला आहे.

सतराव्या लेण्याचा लेख तर मुद्दाम सांगण्यासारखा. हरिषेणाच्या एका मांडलिकाचा तो वंशलेख. कृष्णदास राजाचे दोन पुत्र, परस्परांवर अत्यंत प्रेम करणारे. दोघांनीं मिळून पराक्रम केले. पुढें अनित्यतेचें वज्र धाकट्यावर कोसळलें. त्याचें नांव रविसांब. थोरल्याचें चित्त संसारावरून उडालें, आणि त्यानें द्रव्याकडे न पाहतां हा विहार खोदविला. म्हणजे ज्या लेण्यांत सिंहलाच्या राक्षसिणी आहेत, आणि ज्याच्या ओसरींतील भवचक्राला राशिचक्र समजून जुन्या साहेबांनीं भलतेंच नांव दिलें होतें, तें सबंध लेणें एका भावाच्या शोकांतून उभें राहिलें आहे.

त्या लेखाची शिळा झिजली आहे. बऱ्याच अक्षरांबरोबर खोदविणाऱ्या थोरल्या भावाचें नांवही गेलें; अभ्यासक आतां तें अनुमानानें सुचवितात. रविसांब हें नांव मात्र अजून वाचतां येतें. गेल्या खेपेस मी तेथें उभा होतों तेव्हां पायऱ्यांवर सहलीच्या मुलांचा एक जथा बसला होता आणि वाटाडा त्यांना वाघ नदीच्या कोणत्या बाजूनें आला तें हातवारे करून दाखवीत होता.