वाय-फाय जाळ्याची सुरक्षा, घरगुती

घरात आलेली इंटरनेट जोडणी राउटर हे उपकरण बिनतारी लहरींनी फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादींना वाटून देते. या जाळ्यात परक्याला शिरकाव करता येऊ नये आणि हवेतून जाणारा मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये, यासाठी राउटरवर जी मांडणी करावी लागते तिला घरगुती वाय-फाय जाळ्याची सुरक्षा म्हणतात. लहरी घराच्या भिंती ओलांडून शेजारच्या ओसरीपर्यंत किंवा रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहनापर्यंत पोहोचत असल्याने आडोशाचे काम सांकेतिकीकरणाला करावे लागते. म्हणजे गुप्त किल्लीवाचून उलगडणार नाही अशा रूपात मजकूर बदलून मगच तो हवेत सोडला जातो.

हे न केल्यास काय ओढवते याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण २००८ सालचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. तपास यंत्रणा त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळखक्रमांकावरून, नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोहोचल्या. तेथील वाय-फायला संरक्षण नव्हते आणि ईमेल परक्यानेच त्यावरून पाठवला होता, तरी चौकशीला सामोरे जावे लागले ते घरात राहणाऱ्याला. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात तपास प्रथम येतो आणि त्यात वावगे काही नाही. म्हणूनच फुकट इंटरनेट वापरणाऱ्या शेजाऱ्यामुळे वेग कमी होतो ही नेहमीची तक्रार या धोक्यापुढे किरकोळ ठरते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (२०२४पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात घरांच्या ठेवणीप्रमाणे लहरींचा पल्ला बदलतो. नगर शहराच्या जुन्या भागातील जाड दगडी भिंतींच्या वाड्यात एका खोलीतील वाय-फाय दुसऱ्या खोलीत क्षीण होते, सावेडी-केडगावसारख्या उपनगरांतील इमारतींत फोन उघडताच शेजारपाजारच्या अनेक जाळ्यांची नावे दिसतात, तर शेतातील वस्तीवर आड येणारे काही नसल्याने २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहर मोकळ्या शिवारात बरीच लांब जाते. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा पल्ला त्याहून कमी असतो. मात्र वस्तीला शेजार नाही म्हणून ती सुरक्षित, असे समजता येत नाही, कारण चांगला अँटेना असलेल्याला क्षीण लहरही पुरते.

फायबरची जोडणी पुष्कळदा स्थानिक केबलचालकामार्फत येते आणि ती बसवायला आलेला माणूस ग्राहकाच्या सोयीसाठी त्याचा मोबाईल क्रमांकच पासवर्ड म्हणून घालून देतो. हा प्रघात जितका सर्रास आहे तितकाच घातक आहे. डब्ल्यूपीए-२ या प्रचलित पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवघेव होते; ती कोणी हवेतून टिपून नेली, तर पासवर्डाचे अंदाज त्याला स्वतःच्या संगणकावर निवांत पडताळून पाहता येतात आणि राउटरला त्याचा सुगावाही लागत नाही. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. सामर्थ्यवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासत असल्याने त्या सर्व सुमारे तासाभरात संपतात. ज्याचा क्रमांक दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला आहे त्याच्या बाबतीत तेवढाही वेळ लागत नाही. पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असू शकतो. हुरडा, उंबरा, पावशेर, गोधडी यांसारखे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते घरच्यांच्या लक्षात राहतात, आणि त्यांची रोमन वर्णजोडणी ठरलेली नसल्याने तयार शब्दयाद्यांच्या आधारे ते शोधणे अधिकच अवघड होते. जाळ्याचे नावही किल्ली तयार करताना त्यात मिसळले जात असल्याने कारखान्यातून आलेले सामान्य नाव बदलणे हिताचे असते.

वाय-फायच्या पासवर्डाखेरीज राउटरला दुसराही एक पासवर्ड असतो, तो त्याच्या व्यवस्थापन पानाचा, आणि बहुतेक घरांत दुर्लक्ष होते ते याच्याकडे. राउटरला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता टाकल्यास (नेमका पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो) हे पान उघडते. अनेक जुन्या राउटरांत तेथे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असेच असतात. हे पान हाती आलेला माणूस डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची, नोंद बदलून घरातल्यांना बँकेच्या बनावट पानावर नेऊ शकतो. त्यामुळे हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि बाहेरून इंटरनेटवरून हे पान उघडण्याची सोय बंद ठेवावी.

सुरक्षेच्या पद्धतींपैकी १९९७ सालची डब्ल्यूईपी २००१ मध्येच फोडली गेली असून ती वापरणे हे जाळे उघडे ठेवण्यासारखेच आहे. डब्ल्यूपीए २००३ मध्ये, एईएस सांकेतिकीकरणावर आधारलेली डब्ल्यूपीए-२ २००४ मध्ये आणि डब्ल्यूपीए-३ २०१८ मध्ये आली. डब्ल्यूपीए-३मध्ये प्रत्येक अंदाज राउटरशी प्रत्यक्ष बोलूनच पडताळावा लागत असल्याने टिपून नेलेल्या देवघेवीचा उपयोग होत नाही. जुने फोन तिला जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२ व ३ यांचा मिश्र पर्याय निवडता येतो. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन देऊन जोडणी करणारी डब्ल्यूपीएस ही सोय मात्र बंदच करावी. तिच्या पिनमधील शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असून उरलेले सात अंक राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले. जाळ्याचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक क्रमांक स्वीकारणे हे उपाय अनेकदा सुचवले जातात, परंतु नाव आणि क्रमांक दोन्ही लहरींतून उघडपणे जात असल्याने जाणकाराला ते अडवू शकत नाहीत.

संगमनेर, अकोले, राहुरी या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने, तसेच चोरीच्या भीतीने, वस्त्यांवर आणि गोठ्यांत वाय-फायवर चालणारे कॅमेरे बसवले जातात. २०१६ साली पसरलेल्या मिराई या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि राउटर जगभर काबीज केले होते. म्हणून कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलून त्याला राउटरवरील पाहुण्यांच्या स्वतंत्र जाळ्यात ठेवावे, जेणेकरून तो बिघडला तरी घरच्या संगणकापर्यंत वाट मिळत नाही.

राउटरच्या आतील प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२मध्ये सापडलेली त्रुटी अशाच अद्यतनांनी दुरुस्त झाली. अद्यतन चालू असताना वीज गेल्यास राउटर निकामी होऊ शकतो, त्यामुळे ग्रामीण भागात हे काम राउटर इन्व्हर्टरवर असतानाच करावे. नुसती वीज गेल्याने मांडणी पुसली जात नाही. मात्र जोडणी बंद पडली म्हणून कोणी मागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेटचे बटण दाबून धरले, तर राउटर कारखान्यातील मूळ स्थितीला जातो आणि दोन्ही पासवर्ड, पाहुण्यांचे जाळे, बंद केलेले डब्ल्यूपीएस हे सारे नव्याने करावे लागते. त्यासाठी केलेले बदल एका वहीत लिहून ती घरातच ठेवलेली बरी.