टाकीच्या तोंडावरचे दार

मोटारीच्या बाजूच्या पत्र्यातले, पेट्रोलच्या टाकीचे तोंड झाकणारे तळहाताएवढे दार नीट बसत नाही, ही तक्रार मोटारीइतकी जुनी नाही, कारण आरंभीच्या मोटारींना असे दारच नव्हते. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी पुढच्या बैठकीखाली असे, त्यामुळे पेट्रोल भरताना बसलेल्यांना उतरवून, गादी उचलून टाकीचे झाकण काढावे लागे. पेट्रोल आपल्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, वाहत असल्याने टाकी त्याच्याहून उंच असणे आवश्यक होते, आणि टाकीत पेट्रोल कमी असताना मोठी चढण लागली तर गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवावी लागे.

पेट्रोल ओढून घेणारी साधने रुळली, टाकी मागे गेली आणि तिचे झाकण बाहेर पत्र्यावर दिसू लागले. ते डोळ्यांना खुपत असावे, कारण १९४१ च्या कॅडिलॅकमध्ये ते मागच्या दिव्याखाली लपवले गेले, आणि पुढे कित्येक अमेरिकी गाड्यांत ते मागच्या नंबरप्लेटच्या आड गेले. मात्र मागून धडक बसली तर हीच जागा घातक ठरू शकते. अमेरिकेच्या इंधनसुरक्षेच्या ३०१ क्रमांकाच्या नियमाने सप्टेंबर १९७६ पासून बनणाऱ्या मोटारींना ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या मागच्या धडकेची चाचणी लागू केली, आणि टाकीचे तोंड बाजूच्या पत्र्यात घेण्याच्या पद्धतीला बळ मिळाले.

या स्थलांतराने दुरुस्तीचे स्वरूपच बदलले. फिरकीचे उघडे झाकण बिघडले तर दुसरे बसवता येई; दार मात्र मोटारीच्या अंगाचाच भाग असल्याने ते गव्हाभर जरी वर राहिले तरी लगेच नजरेत भरते. त्याची रचना साधी असते: एका बाजूला स्प्रिंग लावलेली बिजागरी, दुसऱ्या बाजूला खटका, आणि पुष्कळ गाड्यांत चालकाच्या बैठकीजवळच्या लिव्हरपासून त्या खटक्यापर्यंत गेलेली तारेची केबल. दार मिटत नसेल तर जाणता कारागीर हातोडीला हात घालण्याआधी खटक्याची पिन बोटाने दाबून पाहतो, कारण धूळ आणि गंज साचल्याने किंवा केबल आपल्या नळीत अडकल्याने पिन आत ओढलेलीच राहिली, तर दाराला धरायला काही उरत नाही, आणि अशा वेळी दार आपटत राहिल्याने धड असलेली बिजागरीही वाकते. पिन साफ करून तेल दिल्यावरही दार वर राहिले, तरच बिजागरीकडे वळायचे. ती थोडी वाकवायची, दार मिटून चारी बाजूंची फट पाहायची, पुन्हा वाकवायची. हे काम घाईने होत नाही, आणि त्यातले कसब कमी लेखणे अन्यायाचे आहे.

पुढे पुष्कळ गाड्यांत दार, बिजागरी आणि खोबण प्लास्टिकची झाली, आणि प्लास्टिक वाकवून सरळ करता येत नाही. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारातून अख्खा संच आणणे हाच मार्ग उरतो. नवे दार नेमके बसते, पण उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशेजारी ते उठून दिसते, म्हणून त्या तळहाताएवढ्या दारापायी शेजारच्या पत्र्यावरही रंगाचा फवारा विरळ करत न्यावा लागतो.