दीर्घिकांचे विलीनीकरण, केंद्रीय फुगवटा आणि तारकानिर्मिती
दोन दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींकडे ओढल्या जाऊन अखेर एक होतात, त्या प्रक्रियेला विलीनीकरण म्हणतात. ती कोट्यवधी वर्षे चालते. टक्कर म्हटले तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत, कारण त्यांच्यातील अंतरे त्यांच्या आकारमानाच्या मानाने अफाट असतात. आदळतात ते वायू व धूलीचे मेघ, आणि नवे तारे जन्मतात ते याच मेघांत.

हस्त नक्षत्राच्या दिशेला दिसणारी अँटेनी ही जोडी (एनजीसी ४०३८ व ४०३९) याचे उत्तम उदाहरण आहे. विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये तिची नोंद केली. तिच्या दोन लांब शेपट्या भरती-ओहोटीच्या बलांनी ताणल्या गेल्या आहेत, हे आलार व यूरी टूम्रे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले. अशा गाठीभेटींत वायू केंद्राकडे लोटला जाऊन तिथे तारकानिर्मिती भडकेल, ही शक्यताही त्यांनी तेव्हाच मांडली होती. हबल दुर्बिणीला अँटेनीत शेकडो तरुण तारकागुच्छ आढळले. मात्र तिथली सर्वांत जोमदार निर्मिती केंद्रांत आढळत नाही. दोन्ही दीर्घिकांच्या तबकड्या जिथे एकमेकींवर चढल्या आहेत, त्या धुळीने झाकलेल्या पट्ट्यात ती चालू आहे. दृश्य प्रकाशात हा पट्टा मंद भासतो, अवरक्त प्रकाशात तो तळपतो.

वायू केंद्राकडे केव्हा घसरणार, हे पुष्कळ अंशी फुगवट्यावर ठरते. फुगवटा म्हणजे सर्पिल दीर्घिकेच्या मध्यभागी दाटलेला, बहुतांशी जुन्या ताऱ्यांचा भाग. क्रिस मिहोस व लार्स हर्नक्विस्ट यांनी १९९० च्या दशकात केलेली संगणकीय प्रतिमाने या विषयातला पाया मानावी लागतात. फुगवटा नसलेल्या दीर्घिकेत पहिल्याच निकटभेटीनंतर तबकडीत ताऱ्यांचा दंड तयार होतो. हा दंड वायूला मागे खेचतो, वायूचा कोनीय संवेग घटतो आणि तो केंद्रात कोसळतो. तारकानिर्मिती लवकर उसळते आणि अखेरच्या मिलनापर्यंत बराचसा वायू खर्चून गेलेला असतो. भरीव फुगवटा असल्यास केंद्रातील वस्तुमानामुळे तबकडी स्थिर राहते व दंड सहजी बनत नाही. वायू शिल्लक राहतो आणि मिलनाच्या क्षणी एकदम आत कोसळून तारकानिर्मितीचा अल्पकाळ टिकणारा पण कितीतरी तीव्र स्फोट घडवतो.

१९८३ मध्ये सोडलेल्या आयरास उपग्रहाने अवरक्त प्रकाशात सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून तेजस्वी दीर्घिका दाखवून दिल्या. त्यांतल्या बहुतेक विलीन होणाऱ्या निघाल्या. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरील आर्प २२० मध्ये दोन केंद्रके अजूनही वेगळी दिसतात. तिथे दरवर्षी शंभराहून अधिक सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होते, तर आपल्या आकाशगंगेत ते एक-दोन सूर्यांइतकेच. अशी टोकाची उदाहरणे विरळ आहेत हे विसरू नये. एकमेकींच्या जवळ आलेल्या दीर्घिकांच्या जोड्यांत तारकानिर्मितीची सरासरी वाढ दोन-तीन पटींचीच असते आणि विश्वातील बहुतेक तारे टकरींविना, शांत तबकड्यांतच घडले.

विलीनीकरण स्वतःही फुगवटा वाढवते: ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात आणि केंद्रात नवे तारे भरतात. सर्वच फुगवटे मात्र असे घडलेले नाहीत. आकाशगंगेचा शेंगदाण्याच्या आकाराचा फुगवटा मुख्यतः तिच्याच दंडातून उपजला आहे. घडला कसाही असो, फुगवटा तारकानिर्मितीला लगामही घालू शकतो. मारी मार्टिग व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की मोठ्या फुगवट्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायूची तबकडी इतकी स्थिर होते, की वायू असूनही त्याच्या गाठी बनत नाहीत आणि तारकानिर्मिती मंदावते.