जन्म विचारत नाही, लेव्हल विचारतो : ऑनलाइन खेळांतल्या बढतीचा इतिहास



विषयाची पाटी वाचून मघाशी चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी मला विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानमालेत पोरांचे गेम कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की मला आज राक्षस आणि तलवारी यांच्यापेक्षा एका वचनाबद्दल जास्त बोलायचं आहे. 'तू कुणाच्या पोटी जन्मलास ते आम्ही विचारणार नाही, तू काय केलंस तेवढं मोजू आणि त्याप्रमाणे तुला वर चढवू.' या खेळांनी हे वचन दिलं, लाखो लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. त्या वचनाचं पुढे काय झालं, ते आज बघू.

ज्यांनी असा खेळ कधीच पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. तुम्ही एक पात्र घेता, समजा एखादा योद्धा. तो पहिल्या लेव्हलला असतो, म्हणजे अगदी उमेदवार. गावात कुणीतरी उभा असतो, तो म्हणतो, माझ्या शेतात लांडगे शिरलेत, आठ मारून ये. याला क्वेस्ट म्हणायचं, म्हणजे कामगिरी. तुम्ही लांडगे मारून येता, तो तुम्हाला चार नाणी, एक बुटांचा जोड आणि काही अनुभवाचे गुण देतो. गुणांची पट्टी भरली की लेव्हल दोन. मग थोडे मोठे लांडगे. हसू नका, बऱ्याच नोकऱ्यांची रचना याहून फार वेगळी नसते! आणि हे सगळं तुम्ही एकटे करत नाही, त्याच जगात त्याच वेळी आणखी हजारो माणसं आपापले लांडगे मारत असतात.

आता ही 'लेव्हल' आली कुठून? ती मुळात माणसं मोजण्यातून आली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारी मंडळी होती. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे नियम छापले. त्यात एक 'हीरो' होता, तो चार सैनिकांच्या बरोबरीने लढायचा. 'सुपरहीरो' आठांच्या बरोबरीने. पुढे डेव्ह आर्नेसन यांनी मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर खेळताना सैन्य बाजूला ठेवून प्रत्येकाला एकच पात्र दिलं, आणि ते पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात टिकू लागलं, सुधारू लागलं. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं, त्यात चौथ्या लेव्हलच्या योद्ध्याला 'हीरो' हीच पदवी होती आणि आठव्या लेव्हलला 'सुपरहीरो'. म्हणजे चार माणसांची ताकद हळूहळू कमवायची. हीरो म्हणून जन्माला यायचं नाही, हीरो व्हायचं.

एक गंमत सांगतो. त्या मूळ नियमांत अनुभवाचे गुण राक्षस मारून मिळत, तसे भुयारातून सोनं बाहेर आणूनही मिळत. एक सोन्याचं नाणं म्हणजे एक गुण. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला जायला दोन हजार गुण लागत. त्यामुळे शहाणी माणसं लढाई टाळून, राक्षसाच्या उशाखालून पेटी काढून आणत. पुढच्या खेळांनी हा नियम टाकला आणि मारण्यावर भर दिला, त्याचं मला थोडं वाईटच वाटतं.

इंग्लंडमध्ये १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर एक जग लिहायला घेतलं, नाव 'मड'. चित्र एकही नाही, सगळं अक्षरांत. 'तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात', असं पडद्यावर यायचं आणि तुम्ही 'उत्तर' असं टाइप करायचं. महत्त्वाची गोष्ट ही, की एकाच वेळी अनेक जण त्या रस्त्यावर असू शकत. काम पुढे रिचर्ड बार्टल यांनी हातात घेतलं आणि पूर्ण केलं. या खेळात खजिना शोधून दलदलीत नेऊन टाकला की गुण मिळत, गुणांप्रमाणे लेव्हल वाढे, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेला खेळाडू 'विझर्ड' होई. विझर्डला मरण नाही, शिवाय खेळ चालवण्याचे अधिकारही त्याच्याकडे येत.

बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे, की या लेव्हल त्यांनी विचार करून घातल्या. ते सामान्य घरातून आलेले. इंग्लंडात माणसाने तोंड उघडलं की उच्चारावरून त्याचा वर्ग कळतो आणि पुढचं बरंच काही तिथेच ठरतं. त्यांना असं जग हवं होतं जिथे माणूस स्वतःच्या कर्तृत्वावर वर जाईल. आपल्याकडे आडनाव विचारून माणूस कुठे बसवायचा हे ठरतं, त्यामुळे आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अक्षरांच्या त्या जगात उच्चार नव्हता, कपडे नव्हते. नावापुढे पदवी होती, ती कमावलेली.

मघाचं वचन ते हेच. त्यात एक फट होती, ती तेव्हा फारशी दिसली नाही. गुण कमवायला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो.

मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला तेव्हा ही फट उघडी पडली. नाव एव्हरक्वेस्ट, पण क्वेस्टवर लेव्हल वाढवणारा विरळा. गावातल्या माणसाला शब्द टाइप करून प्रश्न विचारायचे, आणि कामाची नोंद आपल्या वहीत ठेवायची. बहुतेक लोक त्या फंदात पडत नसत. सहा जणांचा गट करून एका जागी ठाण मांडायचं, तिथे उगवणारे राक्षस मारत राहायचे, तासन्‌तास. आणि मेलात तर गुण कापले जात, मिळवलेली लेव्हलही उतरू शकत असे. वर तुमचं सामान प्रेताबरोबर जिथे पडलात तिथेच राही, ते आणायला उघड्या अंगाने परत जायचं. खेळाडू या खेळाला 'एव्हरक्रॅक' म्हणू लागले, क्रॅक म्हणजे कोकेनचा एक प्रकार. तरी लोक खेळत होते, कारण एवढं सोसून पन्नासाव्या लेव्हलला पोचलेल्या माणसाकडे सगळे वळून बघत.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' अमेरिकेत २३ नोव्हेंबर २००४ ला बाजारात आला. तो करणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीतले कित्येक जण एव्हरक्वेस्टचे पक्के खेळाडू होते. क्वेस्टची रचना करणाऱ्यांपैकी जेफ कॅप्लन यांना तर कंपनीने एव्हरक्वेस्टमधल्या ओळखीतूनच घेतलं. सुरुवातीचा बेत असा होता, की पहिल्या काही लेव्हलपर्यंत क्वेस्ट द्यायच्या आणि पुढे लोक राक्षस मारत बसतील, रीतीप्रमाणे. पण कंपनीतल्याच माणसांनी खेळून पाहिलं आणि क्वेस्ट संपल्या तिथे ते कंटाळले. खेळ मोडलाय का, असं विचारू लागले. मग ठरलं, शेवटपर्यंत क्वेस्ट लिहायच्या. अपवाद होता तो नियम झाला. काम देणाऱ्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह आलं, वही खेळातच आली, आणि क्वेस्टचा मजकूर ५११ अक्षरांच्या आत बसवायचा अशी मर्यादा पडली. कॅप्लन यांनी २००९ च्या एका जाहीर भाषणात स्वतःच्याच एका क्वेस्टला खेळातली सगळ्यात वाईट क्वेस्ट म्हटलं. जंगलात विखुरलेली एका पुस्तकाची पानं गोळा करायची होती, आणि प्रत्येक पान पिशवीत एक जागा अडवून बसायचं! आपली चूक अशी चारचौघांत सांगणारे मला आवडतात.

मला यातला सगळ्यात बोलका प्रसंग वेगळाच वाटतो. माणसांनी अखंड खेळत बसू नये म्हणून चाचणीच्या काळात ब्लिझर्डने नियम केला : बराच वेळ खेळलात की पात्र थकेल आणि मिळणारे गुण निम्मे होतील. खेळाडू भडकले. आमच्या कष्टाची मजुरी कापता? मग कंपनीने काय केलं? आकडे फिरवले. निम्म्याला 'नेहमीचे' म्हटलं आणि आधीच्या पूर्ण गुणांना 'विश्रांतीचा बोनस, दुप्पट'. लेव्हलला लागणारे गुणही त्याच हिशेबाने वाढवले. आधी जे शंभर आणि पन्नास होते, ते आता दोनशे आणि शंभर झाले. मजुरी तीच. लोक खूश! धर्मशाळेत पात्र झोपवून बाहेर पडलं की दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्क्यांइतका बोनस साठतो, तो दीड लेव्हलपर्यंत. कापणी आणि बक्षीस यांत अंकगणिताचा फरक नसून माणसाच्या मनाला फरक पडतो, हे कुठल्याही मुकादमाला ठाऊक असतं. इथे ते पडद्यावर स्वच्छ दिसलं.

शेवटच्या लेव्हलला पोचल्यावर गुण संपतात आणि खरा तंटा सुरू होतो. चाळीस जण मिळून एक मोठा राक्षस मारतात, त्याच्याकडून निघतात दोन-चार वस्तू. कुणाला द्यायच्या? एव्हरक्वेस्टमधल्या 'आफ्टरलाइफ' नावाच्या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या मंडळाने, १९९९ मध्येच यावर तोडगा काढला होता. लॉर्ड नॅगाफेन आणि लेडी व्हॉक्स या दोन ड्रॅगनांवरच्या मोहिमांना जो येईल त्याच्या नावावर गुण लिहायचे, वस्तू निघाली की त्या गुणांतून ती घ्यायची. नाव पडलं 'ड्रॅगन किल पॉइंट्स', डीकेपी. आपल्या लिलावाच्या भिशीची आठवण होते की नाही? हिशेब ठेवणारा कंपनीचा माणूस नाही. खेळाडूंनी स्वतःच वही काढली, हजेरी लावली, भांडणं केली, नियम दुरुस्त केले. खेळ बनवणाऱ्यांनी न्यायाचा प्रश्न अर्धवट सोडला होता, तो लोकांनी सोडवायला घेतला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे.

यात माझाही थोडा अनुभव आहे. २००७ च्या सुमारास मी युरोपातल्या सर्व्हरवर एका गिल्डमध्ये होतो. हिवाळ्यात त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. मी हॉस्टेलवर डोळे ताणून बसायचो. त्यात दिवे गेले की माझं पात्र लढाईच्या मध्यात पुतळ्यासारखं उभं, आणि त्या दिवसाचे डीकेपी गेले. तिकडच्या मंडळींना 'लोडशेडिंग' म्हणजे काय ते समजावताना माझं इंग्रजी मात्र सुधारलं. सांगायचा मुद्दा, की जन्म कुठे झाला हे कुणी विचारलं नाही, तरी ते हिशेबात येतच होतं.

किती यावं? २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने एव्हरक्वेस्टच्या 'नोराथ' या जगाचा हिशेब मांडला. खेळातली नाणी आणि वस्तू लोक खऱ्या डॉलरला विकत होते, त्या भावाने त्याने धरलं. नोराथमध्ये तासाची मजुरी पडली सुमारे ३.४२ डॉलर आणि दरडोई उत्पन्न सुमारे २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं. भारताचं त्या वेळचं उत्पन्न याच्या कितीतरी खाली होतं. आपण नोराथमध्ये जन्मलो असतो तर बरे असतो, असा त्याचा अर्थ!

मग जे व्हायचं ते झालं. २००७ साली ज्युलियन डिबेल यांनी चीनमधल्या नानजिंगच्या एका कारखान्यावर लिहिलं. तिथे तरुण मुलं रात्रीच्या बारा-बारा तासांच्या पाळीत, आठवड्याचे सातही दिवस, वॉरक्राफ्टमधले राक्षस मारून सोनं गोळा करत. शंभर नाण्यांमागे मुलाला सव्वा डॉलरच्या आसपास, म्हणजे तासाला तीस सेंट पडत. तीच नाणी अमेरिकेतल्या खेळाडूला वीस डॉलरपर्यंत विकली जात. खेळाडू या मुलांना शिव्या घालत, दिसले की ठार करत. आमच्या कष्टाचा खेळ यांनी बाजारात मांडला, हा राग. पण विकत घेणारे कोण होते? त्याच खेळाडूंमधले काही जण. वेळ ज्याच्याकडे नाही आणि पैसा आहे, तो दुसऱ्याचा वेळ घेतो. हे काही नवं नाही, फक्त इथे ते लेव्हलच्या जगात शिरलं.

कंपनीने आधी ही विक्री बंद पाडायचे प्रयत्न केले, पुढे स्वतःच दुकान टाकलं. २०१४ मध्ये साठ डॉलर भरा आणि थेट नव्वदाव्या लेव्हलचं पात्र घ्या. २०१५ मध्ये 'टोकन' आलं : तुम्ही ते वीस डॉलरला घेता, खेळातल्या बाजारात सोन्याला विकता, आणि घेणारा त्यावर महिनाभर खेळतो. आता ज्याच्याकडे वेळ आहे तो सोनं मिळवून वर्गणी भागवतो. कायदेशीर, सुरक्षित, आणि मधला कारखाना गायब. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. दहा वर्षांनी येणाऱ्या नव्या माणसाने मित्रांबरोबर खेळायचं तर नव्वद लेव्हल एकट्याने चढायच्या? ती शिडी कुणालाच नको होती. २०२० मध्ये तर १२० लेव्हलच्या पात्रांना एका रात्रीत पन्नासवर आणलं आणि नवी मर्यादा साठ ठरवली. सगळे सारखे उतरले म्हणून फारसं कुणी रडलं नाही.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट सांगून थांबतो. जुना, २००४ चा खेळ परत द्या अशी मागणी बरीच वर्षं होत होती. २०१३ च्या कंपनीच्या मेळाव्यात एकाने ती केली, तर व्यासपीठावरून उत्तर आलं, की तुम्हाला तो हवा असं वाटतंय खरं, पण नकोय. ऑगस्ट २०१९ मध्ये तो 'क्लासिक' नावाने आला. सगळे पुन्हा पहिल्या लेव्हलला, फाटका सदरा, एकही सोन्याचं नाणं नाही. पहिल्या दिवशी गर्दी इतकी, की क्वेस्टमधला एकेक विशिष्ट राक्षस उगवायची वाट बघत शेकडो पात्रं उभी. तो उगवला की पहिला घाव ज्याचा त्याला तो मिळणार, बाकीचे कोरडे. ढकलाढकली सहज करता आली असती, खेळात तसं करायला बंदी नव्हती. आणि कित्येक सर्व्हरवर लोकांनी आपणहून रांग लावली. डोंगर चढून, झाडांमागून वळत गेलेली रांग. एकाने मारायचा, बाजूला व्हायचं, पुढच्याने पुढे यायचं. मध्ये घुसणाऱ्याला सगळे मिळून ओरडायचे, अगदी रेशन दुकानासारखं. त्या रांगेची चित्रं अजून सापडतात, जरूर बघा.

आता प्रश्न असतील तर घेऊ. तुम्ही मागच्या बाजूला, चष्मेवाले, तुमचा हात मघापासून वर आहे.