स्क्रू फिरवला की आवाज बंद

आमच्या घरात कानाला फार मान. आजोबा ब्रह्माघाटावर वेद शिकवायचे. विद्यार्थ्याचा स्वर जरा घसरला की मिटल्या डोळ्यांनीच त्यांचं बोट वर व्हायचं. काशीतल्या मराठी घरात मुलगा एकतर पौरोहित्यात जातो नाहीतर सरकारी नोकरीत. मी मशीन दुरुस्तीत शिरलो. तरी पोट भरलं ते कानावरच.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चांदपूरच्या वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मला एक लेथ बघायला बोलावलं. सीएनसी, डीसी सर्वो मोटरवर चालणारा, प्रोग्राम कागदी पट्टीच्या भोकांतून वाचणारा. बनारसला त्या पट्टीचं नवल नव्हतं. मदनपुऱ्यातला विणकर जकार्डचे भोकांचे पत्ते रोजच हाताळायचा. नवल होतं ते मोटरचं. ऑपरेटर म्हणाला, "गुरु, मसीन खड़े-खड़े गनगनात हौ." स्लाइडवर तळहात ठेवला, तर खरंच मुंग्या आल्यासारखं वाटलं. आज्ञा थांबायची, मोटर मात्र मिलिमीटरच्या शतांश भागात पुढेमागे करत होती.

आधीच्या मिस्त्रीने तोडगा काढून ठेवला होता. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या कार्डावरचा एक बारका पॉट, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा स्क्रू, टेस्टरने पाव वळसा डावीकडे. आवाज बंद, मालक खूश. दोन दिवसांनी तपासणीच्या टेबलावरून बोंब आली, की टूल जिथे थांबायला हवं तिथून पुढे सरकून मग मागे येतंय, जॉबच्या खांद्यावर रेघ उठतेय. पॉट पुन्हा उजवीकडे. रेघ गेली, गनगन परत. महिनाभर दोन पाळ्यांत हीच रस्सीखेच चालली होती.

हे दुखणं सर्वोपेक्षा जुनं आहे. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे उडणार, वाफ कमी होणार. पुढे असे गव्हर्नर जास्त तल्लख केले गेले, तेव्हा इंजिनं एकाच वेगावर टिकेनात. वर-खाली डोलू लागली. का, याचं गणित मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरवरच्या निबंधात मांडलं. 'सर्वो' हा शब्दही त्याच काळातला. जोझेफ फार्को या फ्रेंच इंजिनिअरने जहाजाचं सुकाणू वाफेने फिरवायची युक्ती काढली आणि 1873 मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिलं. मालक सुकाणूचं चाक जेवढं फिरवेल तेवढंच यंत्राने फिरायचं, म्हणजे चाकरी; नावही त्यावरूनच.

बनारसला ही विद्या आली ती डिझेल रेल इंजिन कारखान्यातून, म्हणजे डीएलडब्ल्यूतून. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या सहकार्याने तिथे इंजिनं बनू लागली आणि 3 जानेवारी 1964 ला लाल बहादूर शास्त्रींनी पहिलं इंजिन राष्ट्राला अर्पण केलं. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, ड्रायव्हरच्या हाताशी आठ नॉच. नॉच बदलला की इंजिनाने ठरल्या वेगावर येऊन स्थिर व्हायचं, हे काम गव्हर्नरचं. तो बिघडला की इंजिन दम लागल्यासारखं फुगायचं आणि बसायचं; फिटर लोक त्याला 'हंटिंग' म्हणत. तिथले निवृत्त फिटर पुढे गावातल्या लहान कारखान्यांत येत. त्यांतल्या एकाने माझ्यापुढे एकच प्रश्न टाकला: आवाज कैसा है मत बताओ, कब आता है बताओ.

उभ्या उभ्या येतो, चालताना येतो की थांबताना? मी त्या लेथची मोटर कपलिंगपासून सोडवली आणि नुसतीच चालवली. गनगन तशीच. म्हणजे बॉलस्क्रू, बेअरिंग, स्लाइडच्या पट्ट्या निर्दोष. मागचं झाकण काढलं तर टॅकोजनरेटर काजळीने माखलेला. मोटरचा खरा वेग ड्राइव्हला कळवणारा हा छोटा जनरेटर. त्याच्या कम्युटेटरच्या खाचांत ब्रशचा कार्बन बसला की तो वेगाबद्दल खोटं सांगतो आणि ड्राइव्ह त्या खोट्यावर धावतो. दात घासायचा जुना ब्रश, स्पिरिट आणि टोक काढलेली बांबूची काडी. अर्ध्या तासाचं काम. पॉट मूळ खुणेवर नेला, मशीन गप्प.

तेव्हा एक दक्षता मात्र घेतली होती. मोटरचा रोटर बाहेर ओढायचा नाही. अनेक डीसी सर्वोंत तो काढला की चुंबक कमजोर होतात आणि चांगली मोटर कायमची अशक्त होते. हौशी मिस्त्र्यांनी साफसफाईच्या नावाखाली मारलेल्या अशा मोटरी मी नंतर पाहिल्या.

नव्वदीनंतर एसी सर्वो येत गेले. ब्रश गेले, काजळी गेली. मागे मोटरची स्थिती कळवणारा एन्कोडर आला. तो काढून चुकीच्या कोनात बसवला तर मोटर गुरगुरते किंवा उधळते. थांबण्याची दुखणीही बदलली. जोरात थांबताना मोटर स्वतःच वीज बनवते, ती ब्रेक रेझिस्टरमध्ये जळायची असते. रेझिस्टर तुटला की ड्राइव्ह फक्त थांबतानाच ट्रिप होतो आणि लोक मोटर बदलतात. उभ्या अक्षाच्या ब्रेकचं आणखीच. तो थांबलेल्याला धरून ठेवण्यापुरता असतो. त्याच्यात तेल झिरपलं की वीज जाताच हेड हळूच खाली उतरतं, आणि आमच्याकडे वीज जायला काय कमी निमित्तं!

डीएलडब्ल्यूचं नाव ऑक्टोबर 2020 मध्ये बनारस रेल इंजिन कारखाना झालं. आता तिथून विजेची इंजिनं निघतात. माझ्या हाताखालचा पोरगा लॅपटॉप जोडून ड्राइव्हला स्वतःच सूर लावायला सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका मिलिंग मशीनची शिट्टी त्याने फिल्टर लावून पाच मिनिटांत घालवली. मी वीज बंद करायला लावली आणि बॉलस्क्रू हाताने पुढेमागे हलवला. अगदी बारीक 'टक्'. पुन्हा हलवला, पुन्हा 'टक्'.

"कपलिंग," तो म्हणाला, आणि एलन की आणायला गेला.