खंडनमंडनाचे गद्य : बनियन, क्वेकर आणि विष्णुबुवा

मराठी गद्याच्या इतिहासात हरि केशवजींच्या ‘यात्रिक क्रमण’ची (१८४१) नोंद भाषांतर म्हणून होते आणि आपण पुढे सरकतो. या ग्रंथाचा मूळ कर्ता जॉन बनियन याने आपले पहिले पुस्तक १६५६ मध्ये क्वेकर पंथीयांच्या विरोधात लिहिले होते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. अंतःप्रकाशाच्या भरात हे लोक इतिहासातल्या ख्रिस्ताला गौण लेखतात, हा त्याचा आक्षेप. तरुण एडवर्ड बरो याने त्याच वर्षी उत्तर छापले. बनियनने प्रत्युत्तर दिले, बरोने पुन्हा लेखणी उचलली. पुढे बरो तुरुंगात वारला. बनियनही बारा वर्षे बंदिवासात होता. १६७२ च्या ज्या राजमाफीने त्याची रीतसर मुक्तता झाली, ती मिळवण्याची खटपट क्वेकरांनीच केली होती!

रॉबर्ट बार्कलेने पंथाची बाजू पंधरा सिद्धान्तांत बांधली, तीही आधी लॅटिनमध्ये (१६७६) आणि मग स्वतःच इंग्रजीत (१६७८). पगारी पौरोहित्य आणि विद्यापीठीय पांडित्याची मातब्बरी नाकारणाऱ्या पंथाला स्वतःच्या समर्थनासाठी पंडितांचीच रीत पत्करावी लागली.

मंडनकर्त्याची ही कोंडी आपल्याकडेही दिसते. जॉन विल्सन यांच्याशी मुंबईत झालेल्या वादानंतर मोरभट दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ (१८३१) लिहिली. आक्षेप पुराणांतील देवचरित्रांवर होता आणि मोरभट पुराणे सोडायला तयार नव्हते. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी निराळी वाट धरली. १८५७ च्या जानेवारी ते मे या काळात मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ (१८५९) हा त्यांचा ग्रंथ लगेच नंतरचा. वेद हेच प्रमाण मानले की पुराणांवरचा बराचसा मारा आपोआप चुकतो. डाव बिनतोड खरा. परंतु साऱ्या धर्माचे प्रामाण्य एका ग्रंथसंचयात एकवटण्याची ही निकड मला प्रतिपक्षाच्या सहवासातून आलेली वाटते. बायबल हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर आपल्याही हाती तसेच काही असावे, असे कोणाला वाटणार नाही?

विष्णुबुवा मात्र केवळ बचाव करीत नव्हते. ख्रिस्ती मतावर तेही प्रश्नांची सरबत्ती करीत आणि उत्तर देण्याची पाळी मिशनऱ्यांवर येई. या वादांचा जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने केलेला इंग्रजी वृत्तान्त १८५७ मध्येच प्रसिद्ध झाला. बुवांच्या बाजूचे मराठी पुस्तक आले ते १८७२ मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी. पंधरा वर्षे छापील शब्द एकाच पक्षाचा होता. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले की प्रत्येकात दुसरा पक्ष निरुत्तर झालेला आढळतो.